सीए रिपोर्टात न येणारे विष

नाशिक जिल्ह्यात विषबाधेचा रुग्ण आला म्हटले की कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरच्या मनात आधी द्राक्षबाग येते. कपड्यांना फवारणीच्या औषधाचा उग्र वास, टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या, तोंडाला फेस, घामाने निथळणारे अंग. निफाड किंवा दिंडोरीकडून आलेला असा रुग्ण नवशिका इंटर्नसुद्धा दारातच ओळखतो. ॲट्रोपिन सुरू होते, पोलीस चौकीला कळवले जाते, आणि रुग्ण दगावला तर व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढलेले अवयवांचे भाग, राखून ठेवला जातो. प्रयोगशाळेला काय शोधायचे ते बाटली पोचण्याआधीच माहीत असते.

हृदयाच्या औषधाने झालेल्या मृत्यूत यातले काहीच दिसत नाही. पासष्टीच्या गृहस्थांना दुपारपासून मळमळते, दोन-चार उलट्या होतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, नाडी मंद लागते आणि रात्री ते जातात. घरात बीपीच्या आणि हृदयाच्या गोळ्यांचा डबा वर्षानुवर्षे आहेच. ‘अटॅक आला’ असे सगळे म्हणतात, आणि बहुतेक वेळा ते खरेच असते. ज्या थोड्या वेळा ते खरे नसते त्या वेळा शंका घ्यायला कोणाकडे कारण नसते. शवविच्छेदन झालेच, तरी हृदयाच्या रक्तवाहिन्यांत थोडाफार अडथळा सापडतो, कारण त्या वयात तो बहुतेकांच्या सापडतो. कारण मिळाले की शोध थांबतो.

या विषावर लिहिताना सगळा भर यंत्रांवर जातो: कोणते उपकरण किती सूक्ष्म मोजते, कोणत्या प्रयोगशाळेत ते आले. माझ्या मते अडचण तिथे फारशी उरलेली नाही. हृदयाच्या औषधाचा मृत्यू निसटतो तो व्हिसेऱ्याच्या बाटलीबरोबर जाणाऱ्या कागदावर. प्रयोगशाळा विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देते, आणि प्रश्न घडतो तो मृत्यूच्या आधीच्या व नंतरच्या काही तासांत, दवाखान्यात आणि पंचनाम्यात.

आधी ही औषधे पाहू. पहिले नाव डिजॉक्सिनचे. इंग्लंडमधले डॉक्टर विल्यम विदरिंग यांनी १७८५ मध्ये फॉक्सग्लोव्ह या वनस्पतीवर पुस्तक लिहिले. श्रॉपशायरमधल्या एका वृद्धेच्या घरगुती काढ्याने अंगावरची सूज उतरते, हे ऐकून ते या झाडाच्या मागे लागले होते. मात्रा जरा चुकली की उलट्या होतात, सगळे पिवळे-हिरवे दिसू लागते, नाडी मंदावते आणि माणूस मरू शकतो, हेही त्यांनी त्याच पुस्तकात नोंदवले. म्हणजे औषध आणि विष यांची ओळख वैद्यकाला एकाच वेळी झाली. १९३० मध्ये त्याच कुळातल्या दुसऱ्या वनस्पतीपासून सिडनी स्मिथ यांनी डिजॉक्सिन वेगळे काढले. संधिवाताच्या तापाने झडपा खराब झालेल्या आणि ठोके अनियमित पडणाऱ्या रुग्णांना आपल्याकडे ते अजूनही दिले जाते. यात तरुण बायका बऱ्याच असतात.

त्याची गोळी ०.२५ मिलिग्रॅमची. त्याच डब्यातली पॅरासिटामॉलची गोळी ५०० मिलिग्रॅमची, म्हणजे दोन हजार पट. उपचारासाठी रक्तात मिलिलिटरमागे साधारण ०.५ ते २ नॅनोग्रॅम पातळी मानली जात असे, आणि हृदय कमकुवत झालेल्या रुग्णांत ती १ च्या खालीच ठेवावी असे आता डॉक्टर मानतात. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. लाभ आणि घात यांच्यातले अंतर इतके कमी असलेली औषधे फार नाहीत. हृदयाच्या प्रत्येक पेशीच्या आवरणात सोडियम बाहेर फेकणारा आणि पोटॅशियम आत घेणारा एक पंप असतो. येन्स स्कौ या डॅनिश शास्त्रज्ञाने तो १९५७ मध्ये ओळखला आणि त्यासाठी त्यांना १९९७ चे नोबेल मिळाले. डिजॉक्सिन हा पंप अडवते. आत सोडियम साठते, त्यामागे कॅल्शियम साठते, आणि स्नायू जोराने आकुंचन पावतो. हा झाला औषधाचा गुण. पंप जास्त अडला की ठोक्यांची लय बिघडते, वरच्या कप्प्याचा संदेश खालच्या कप्प्यापर्यंत पोचत नाही, आणि बाहेर राहिलेले पोटॅशियम रक्तात चढते.

हाच पंप अडवणारी झाडे आपल्या अंगणात आहेत. पिवळी कण्हेर, जिला आपण बिट्टी म्हणतो, तिची त्रिकोणी फळे घेऊन मुले खेळतात, फुले महादेवाला वाहतात. लाल आणि पांढरी कण्हेर हमरस्त्यांच्या दुभाजकांवर लावलेली दिसते, कारण तिला गुरे तोंड लावत नाहीत. थेवेटिन आणि ओलिअँड्रिन ही त्यांतली द्रव्ये डिजॉक्सिनची सख्खी भावंडे. न्यायवैद्यकाच्या भारतीय पाठ्यपुस्तकांत ‘हृदयविषे’ असा एक गटच असतो. बचनाग, डिजिटॅलिस, कण्हेर आणि तंबाखूतले निकोटीन ही मंडळी त्यात एकत्र बसतात. केरळात कण्हेरीच्याच कुळातल्या ओथलम नावाच्या झाडाने १९८९ ते १९९९ या दहा वर्षांत पाचशेहून अधिक मृत्यू झाल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवले, आणि बाहेरच्या जगाला हे विष तोवर जवळजवळ ठाऊक नव्हते असेही म्हटले. म्हणून महाराष्ट्रात हृदयाच्या औषधाच्या विषबाधेचा विचार करताना औषधाच्या दुकानाइतकेच कुंपणाकडेही पाहावे लागते.

यातला दिलासा असा की रुग्ण वेळेत पोचला तर तो वाचू शकतो. श्रीलंकेत १९८० च्या दशकापासून बिट्टीने अनेक जीव घेतले आणि त्यातूनच या विषाच्या उपचारावरचे सगळ्यात चांगले संशोधन तिथे झाले. मेंढ्यांच्या शरीरात तयार केलेली डिजॉक्सिनविरोधी प्रतिपिंडे बिट्टीच्या विषावरही चालतात, हे २००० साली लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने सिद्ध केले. पण ती महाग आहेत आणि भारतात सहज मिळत नाहीत. आपल्याकडे भिस्त असते ती मॉनिटरवर, ॲट्रोपिनवर, कोळशाच्या भुकटीवर आणि गरज पडल्यास तात्पुरत्या पेसमेकरवर. सुरगाणा-पेठसारख्या दूरच्या तालुक्यांतल्या रुग्णासाठी याचा अर्थ सरळ आहे: उलट्या थांबल्या म्हणून घरी ठेवून चालत नाही, ईसीजी निघेल तिथवर न्यावेच लागते. पहिले काही तास माणूस चालताबोलता असतो आणि मग अचानक लय बिघडते. त्या चालत्याबोलत्या तासांनी अनेकांना फसवले आहे.

आता खटल्यांकडे. ज्या विषाचे नावही कळले नाही अशा विषप्रयोगाचा सगळ्यात महत्त्वाचा भारतीय खटला मराठी घरातला आहे. पुण्याच्या शुक्रवार पेठेतल्या लक्ष्मीबाई कर्वे या विधवा, बऱ्यापैकी मिळकत असलेल्या, मधुमेहाने आजारी. डॉ. अनंत चिंतामण लागू त्यांच्याच वाड्यातले भाडेकरू आणि त्यांचे उपचारकर्ते. १२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री मुंबईच्या तज्ज्ञाला दाखवायचे म्हणून लागू त्यांना घेऊन पॅसेंजर गाडीत बसले. पहाटे गाडी व्ही.टी.ला आली तेव्हा बाई बेशुद्ध होत्या. त्यांना गोकुळदास तेजपाल रुग्णालयात नेले, तिथे त्यांचे नाव खोटे सांगितले गेले, आणि सकाळी साडेअकराच्या सुमारास त्या गेल्या.

लघवीत साखर होती, रुग्ण मधुमेही होता, म्हणून मधुमेहाची बेशुद्धी असे कारण लिहिले गेले. एका वरिष्ठ डॉक्टरांना लक्षणे जुळत नव्हती. शवविच्छेदन करावे असे सुचवलेही गेले होते, तरी त्या वेळी ते झाले नाही. नाव खोटे, त्यामुळे नातेवाईक आले नाहीत. मृतदेह बेवारस ठरला आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या शवागारात पडून राहिला. शेवटी २३ नोव्हेंबरला शवविच्छेदन झाले. दहा दिवस गेले होते. केमिकल ॲनालायझरला व्हिसेऱ्यात कोणतेही विष सापडले नाही.

इकडे पुण्यात लक्ष्मीबाईंच्या नावाने पत्रे येत राहिली. आपण लग्न केले, जयपूरजवळ राहतो, शोध घेऊ नका, अशा आशयाची. ती बनावट होती. त्यांची मिळकत लागूंच्या हाती जात होती. १९५८ मध्ये अटक झाली. पुण्याच्या सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केली, आणि १४ डिसेंबर १९५९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अपील फेटाळले. बहुमताचा निकाल न्या. हिदायतुल्ला यांनी लिहिला. त्याचा गाभा असा: शरीरात विष सापडले नाही म्हणून विषप्रयोग झालाच नाही असे होत नाही, काही विषे शोधता येत नाहीत, काही देह कुजताना नाहीशी होतात, आणि आरोपीनेच तपासाची वाट बंद केली असेल तर त्याचे वर्तन हाही पुरावा ठरतो. न्या. सरकार यांनी वेगळे मत नोंदवले. मृत्यू अनैसर्गिक होता हेच पुरेसे सिद्ध झालेले नाही, असा त्यांचा रोख होता.

ते विष हृदयाचे औषध होते असे कोणीही म्हटलेले नाही, मीही म्हणत नाही. तरी हा खटला या प्रश्नाच्या केंद्रस्थानी आहे. एक तर त्यात आजार हा पडदा झाला: मधुमेही बाई, म्हणून मधुमेहाने गेली. हृदयरोगी माणूस हृदयाच्या औषधाने मेला तर हाच पडदा आणखी जाड असतो. दुसरे, जी गोष्ट प्रयोगशाळेला सांगता आली नाही ती रुग्णालयाचे कागद, रेल्वेचे वेळापत्रक आणि पत्रांवरचे हस्ताक्षर यांनी सांगितली. आणि न्या. सरकारांचे वेगळे मत मला बहुमताइतकेच मोलाचे वाटते. विष न सापडताही फाशी होऊ शकते हे मान्य केले की निरपराध माणूस अडकण्याची वाटही उघडी होते. ती वाट अरुंद ठेवायची असेल तर दहा दिवस फुकट जाता कामा नयेत.

पुढे १९८४ मध्ये, शरद बिरधीचंद सारडा खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने ही वाट बरीच अरुंद केली. तोही पुण्याचा, पोटॅशियम सायनाइडने झालेल्या मृत्यूचा. विषाने खून झाला असे म्हणायचे तर चार गोष्टी दाखवाव्या लागतील असे न्यायालयाने सांगितले: आरोपीला स्पष्ट हेतू होता, मृत्यू त्या विषानेच झाला, ते विष आरोपीजवळ होते, आणि ते देण्याची संधी त्याला होती. सारडा यांची निर्दोष मुक्तता झाली. हृदयाच्या औषधांना या कसोट्या लावून पाहा. औषध जवळ असणे ही जवळजवळ प्रत्येक घरातली गोष्ट. संधीही तशीच, आजाऱ्याला गोळ्या देतो तो घरातलाच माणूस. म्हणजे सगळा भार दुसऱ्या कसोटीवर येतो: मृत्यू नेमका याच औषधाने झाला का?

त्या प्रश्नाला पहिले नामांकित उत्तर पॅरिसमध्ये मिळाले. डॉ. कुती द ला पोमरे याने एका विधवेचा मोठा विमा उतरवला होता आणि १८६३ च्या नोव्हेंबरात ती उलट्या होऊन, छातीत धडधड होऊन मेली. डिजिटॅलिसची रासायनिक ओळख पटवण्याची खात्रीची रीत तेव्हा नव्हती. प्राध्यापक आंब्रोइझ तार्दिय यांनी तिच्या खोलीतल्या जमिनीच्या फळ्यांवर वाळलेली उलटी खरवडून घेतली, तिचा अर्क काढला आणि तो बेडकांच्या हृदयावर वापरून पाहिला. शुद्ध डिजिटॅलिनने बेडकाचे हृदय ज्या रीतीने मंदावत थांबले त्याच रीतीने त्या अर्कानेही थांबले. १८६४ च्या जूनमध्ये पोमरेला गिलोटिनवर चढवले. निर्णायक पुरावा मिळाला तो जमिनीवरून. आपल्या पंचनाम्यांत ‘उलटी केल्याचे दिसले’ एवढे वाक्य असते. ती उलटी कापसाने टिपून, बाटलीत बंद करून पाठवली गेली का, हे फार कमी वेळा विचारले जाते.

बेडकानंतर रसायनशास्त्र पुढे गेले. बेल्जियमचे स्तास यांनी १८५० च्या सुमारास अवयवांतून निकोटीन वेगळे काढण्याची जी रीत बसवली, ती ऑटो यांच्या सुधारणेसह ‘स्तास-ऑटो पद्धत’ म्हणून आपल्या प्रयोगशाळांत अजून शिकवली आणि वापरली जाते. बिट्टीच्या बीचा गर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात उकळला की निळसर रंग येतो, ही जुनी खूण जठरात बीचे तुकडे मिळाले तर आजही उपयोगी पडते. खरी उडी मात्र दोनदा पडली. एकदा १९६० च्या दशकाअखेरीस, प्रतिपिंडांवर आधारलेल्या चाचणीने रक्तातले नॅनोग्रॅम मोजता येऊ लागले तेव्हा. आणि नंतर द्रव क्रोमॅटोग्राफीला वस्तुमान वर्णपटमापक जोडून रेणूची नेमकी ओळख पटू लागली तेव्हा.

पहिल्या उडीने नवे घोटाळेही आणले. प्रतिपिंडांची चाचणी जिवंत रुग्णाचा डोस ठरवण्यासाठी बनलेली आहे आणि ती रेणूच्या आकारावर चालते. कण्हेरीची द्रव्ये दिसायला डिजॉक्सिनसारखी, म्हणून ती त्यांनाही प्रतिसाद देते. नाशिकच्या एखाद्या मोठ्या रुग्णालयात डिजॉक्सिनची पातळी काढली आणि औषध कधीच न घेतलेल्या मुलीच्या रक्तात ती आली, तर बिट्टीचा संशय जवळजवळ पक्का होतो. पण येणारा आकडा म्हणजे विषाचे प्रमाण नव्हे. आकडा शून्य आला म्हणून कण्हेर नाकारताही येत नाही.

टोरोंटोच्या बालरुग्णालयात हा प्रश्न फार जिव्हारी लागला. १९८० ते १९८१ या काळात हृदयरोग विभागात बाळांचे मृत्यू अचानक वाढले, काहींच्या रक्तात डिजॉक्सिन जास्त आढळले आणि मार्च १९८१ मध्ये एका परिचारिकेला खुनाच्या आरोपाखाली अटक झाली. मे १९८२ मध्ये प्राथमिक सुनावणीतच न्यायाधीशांनी तिला सोडले. त्याच सुमारास शास्त्रज्ञांच्या लक्षात येत होते की नवजात बाळांच्या, तसेच मूत्रपिंड निकामी झालेल्यांच्या रक्तात डिजॉक्सिनसारखे भासणारे द्रव्य निसर्गतःच असू शकते आणि चाचणी त्यालाही डिजॉक्सिन समजते. पुढे चौकशी आयोग बसला, त्याने काही मृत्यू हेतुपुरस्सर घडवल्याचे मत दिले, आणि त्या मतावरचा वाद नंतरही चालू राहिला.

दुसरा घोटाळा मृत्यूनंतरचा. डिजॉक्सिन रक्तापेक्षा हृदयाच्या स्नायूत कितीतरी जास्त साठते. मृत्यूनंतर पेशी फुटू लागल्या की ते स्नायूतून झिरपून हृदयातल्या रक्तात उतरते. डॉक्टरांनी सांगितलेलीच गोळी नियमाने घेणाऱ्या माणसाच्या हृदयातले रक्त दुसऱ्या दिवशी तपासले, तर विषबाधेचा आकडा येऊ शकतो. १९७० च्या दशकापासून हे माहीत आहे. म्हणून रक्त मांडीच्या शिरेतून घ्यायचे, डोळ्यातला काचद्रव वेगळा घ्यायचा, आणि नळीवर जागा लिहायची. आपल्याकडे नळीवर नुसते ‘रक्त’ लिहिलेले असले तर पुढे न्यायालयात त्या आकड्याला काहीच अर्थ उरत नाही. बचाव पक्षाच्या वकिलाने एवढा एक प्रश्न विचारला तरी पुरे.

चार्ल्स कलेन याची गोष्ट जगाला माहीत आहे. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियातल्या रुग्णालयांत परिचारक म्हणून काम करताना त्याने डिजॉक्सिन आणि इन्शुलिनने अनेक रुग्ण मारले; डिसेंबर २००३ मध्ये तो पकडला गेला. त्याला पकडणाऱ्या पुराव्यात रक्ताचे आकडे होतेच, पण वॉर्डातल्या औषधांच्या संगणकीय कपाटाच्या नोंदी तेवढ्याच बोलक्या होत्या: मागवलेली आणि लगेच रद्द केलेली औषधे. आपल्या बहुतेक रुग्णालयांत हे काम वहीवर चालते. ती वही तपास अधिकाऱ्याने पहिल्या दिवशी ताब्यात घेतली नाही, तर महिन्याने तिचा उपयोग किती राहील?

डिजॉक्सिनविषयी इतके लिहिले कारण त्याचे शास्त्र पक्के आहे. आजच्या घरांत मात्र जास्त सापडतात त्या अम्लोडिपिन, मेटोप्रोलोल, प्रोप्रॅनोलोल, डिल्टियाझेम अशा बीपीच्या आणि ठोके आवरणाऱ्या गोळ्या. त्यांच्या चिठ्ठ्या जुन्या असल्या तरी दुकानदार औषध देतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. अम्लोडिपिनच्या गटातल्या, म्हणजे कॅल्शियमची वाट अडवणाऱ्या, औषधांची एक खूण तपासात फार उपयोगी आहे. स्वादुपिंडातून इन्शुलिन सुटायलाही कॅल्शियमच लागते. हे औषध तेही अडवते. त्यामुळे रक्तदाब कोसळलेला, नाडी मंद, आणि रक्तातली साखर चढलेली असा रुग्ण समोर येतो. साखर पाहून मधुमेहाकडे वळणे सोपे असते. पुण्याच्या त्या बाईंच्या काळी ही औषधे नव्हती, पण साखरेच्या एका आकड्यावर निदान ठरवण्याची सवय तीच आहे.

बचनागाचा उल्लेख राहून जाऊ नये. आयुर्वेदात तो शोधन करून वापरतात. शोधन नीट न झालेला किंवा कच्चा बचनाग सोडियमची दारे उघडी ठेवतो, ओठ-जीभ बधिर होतात, मुंग्या येतात आणि हृदयाची लय सुटते. २००९ मध्ये लंडनमध्ये भारतीय बचनाग जेवणात मिसळून एक खून झाला, आणि पुढच्या वर्षी दोषी ठरलेली आरोपी मुळात आपल्याकडचीच होती. आपल्या शवविच्छेदनाशी त्याचा संबंध असा की व्हिसेरा नेहमी मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात, पण बचनागाचा संशय असेल तर ते द्रावण वापरू नये असे पाठ्यपुस्तके सांगतात. म्हणजे बाटलीत काय ओतायचे हेसुद्धा संशयावर अवलंबून आहे, आणि संशय बाटली भरण्याआधी यावा लागतो.

नाशिकला प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे. मुंबईत कालिना इथे मुख्यालय असलेल्या, गृह विभागाच्या संचालनालयाची ती शाखा. उत्तर महाराष्ट्रातल्या अनेक पोलीस ठाण्यांचा व्हिसेरा तिथे येतो. ही परंपरा जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबई सरकारचे केमिकल ॲनालायझर असलेले आयझिडोर लायन यांनी लिहिलेला न्यायवैद्यकाचा ग्रंथ देशभर वापरला गेला. आरोग्य विज्ञान विद्यापीठही १९९८ पासून नाशिकलाच आहे, म्हणजे त्याच्याशी संलग्न महाविद्यालयांतल्या एमबीबीएस विद्यार्थ्यांना न्यायवैद्यकाच्या परीक्षेत काय विचारायचे हे याच शहरातून ठरवता येते. व्हिसेरा कसा राखायचा यावर विद्यार्थ्याला प्रश्न येतो. व्हिसेऱ्याबरोबरचे पत्र कसे लिहायचे यावर मात्र त्याची परीक्षा व्हायला हवी.

कारण सगळे त्या पत्रावर येऊन ठेपते. जठर आणि त्यातला ऐवज, लहान आतड्याचा तुकडा, यकृताचा भाग, दोन्ही मूत्रपिंडांचे अर्धे-अर्धे भाग, रक्त: ही नेहमीची यादी. हृदयविषाचा संशय असेल तर हृदयही पाठवावे असे पुस्तके सांगतात. पत्रात ‘अकस्मात मृत्यू, मृत्यूचे कारण राखून ठेवले, विषाची तपासणी व्हावी’ एवढेच असेल, तर प्रयोगशाळा नेहमीची चाळणी लावते: कीटकनाशके, अल्कोहोल, झोपेची औषधे, धातूंची विषे. नॅनोग्रॅममध्ये असलेले डिजॉक्सिन त्या चाळणीतून सहज निसटते. मग काही महिन्यांनी केमिकल ॲनालायझरचा अहवाल, म्हणजे सीए रिपोर्ट, येतो: सर्वसाधारण व विशिष्ट रासायनिक तपासणीत कोणतेही विष आढळले नाही. वाक्य प्रामाणिक आहे. ज्या विषांसाठी तपासणी झाली त्यांपैकी कोणतेही आढळले नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण पोलीस ठाण्यात, घरात आणि कधीकधी न्यायालयातही ते ‘विष नव्हतेच’ असे वाचले जाते, आणि फाइल बंद होते.

यात एक उलटी बाजूही आहे आणि ती मला तितकीच महत्त्वाची वाटते. म्हातारपणी मूत्रपिंडे मंदावतात. डिजॉक्सिन शरीराबाहेर जाते ते मुख्यतः त्यांच्या वाटे. जुनाच डोस चालू राहिला, मधे जुलाब होऊन पाणी कमी झाले, किंवा दुसऱ्या डॉक्टरांनी अमिओडॅरोन, व्हेरापामिल अथवा क्लॅरिथ्रोमायसिन सुरू केले, तर कोणीही काही वाईट न करता पातळी चढते. घरात मिळकतीचा वाद असेल तर याच आकड्याचा खुनाचा पुरावा बनतो. सुनेवर, मुलावर, सांभाळणाऱ्या बाईवर बोट जाते. म्हणून क्रिएटिनिनचा शेवटचा रिपोर्ट, गेल्या महिन्यातल्या सगळ्या चिठ्ठ्या आणि गोळ्यांच्या पाकिटात उरलेल्या गोळ्यांची मोजदाद हे विषाच्या आकड्याइतकेच आवश्यक पुरावे आहेत. पाकीट कधी घेतले, त्यात किती असायला हव्या होत्या आणि किती आहेत, हे पंचनाम्यात लिहायला काही खर्च येत नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाणे कलम १७६ मध्ये आणले. चांगली तरतूद आहे. पण हृदयाच्या औषधाचा मृत्यू सुरुवातीला गुन्हा म्हणून नोंदलाच जात नाही. तो कलम १९४ खालची अकस्मात मृत्यूची नोंद असतो, आणि अनेकदा तीही नसते. तज्ज्ञ येतील तोवर खोली धुतलेली असते.

त्यामुळे मला सगळ्यात भरवशाचा वाटतो तो पुरावा प्रयोगशाळेच्या दारापर्यंत बहुधा येतच नाही: रुग्ण जिवंत असताना कॅज्युअल्टीत काढलेला ईसीजी आणि घेतलेले रक्त. मृत्यूनंतरच्या कोणत्याही बदलाचा त्या रक्ताला स्पर्श झालेला नसतो. पोटॅशियमचा त्यातला आकडा खरा असतो. मृत्यूनंतर तो सगळ्यांचाच चढतो. ईसीजीच्या पट्टीवर मंद नाडी, तुटलेला संदेश, आलटून पालटून दोन दिशांना झुकणारे ठोके दिसले, तर डिजॉक्सिन किंवा कण्हेर शोधा असे ती पट्टीच सांगत असते. उरलेले रक्त रुग्णालयाच्या पॅथॉलॉजीत थोडेच दिवस फ्रीजमध्ये राहते आणि मग नेहमीच्या कामकाजाचा भाग म्हणून टाकून दिले जाते. ते टाकण्याआधी तपास अधिकाऱ्याने कलम ९४ खाली लेखी मागणी करावी, नळी थंड पेटीत सील करावी, ईसीजीची प्रत आणि चालू औषधांची यादी तिच्याबरोबर जोडावी, आणि प्रयोगशाळेच्या पत्रात ‘विषाची तपासणी व्हावी’ याऐवजी औषधांची नावे घालून विचारावे.